टाकीखालचं आग्या मोहोळ आणि भावाच्या कांद्याचे डोंगळे - रविवारच्या आत सल्ला हवाय (आडगाव, नाशिक)

गोदाकाठ | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा, आणि यातलं ज्यांना कळतं त्यांनी लवकर लिहा कारण माझ्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे.

आम्ही आडगाव शिवारात राहतो, हायवेपासून थोडं आत, पाच मजली बिल्डिंग. दिवाळीनंतर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबखाली आग्या मोहोळ बसलं. आधी एक होतं, आता तीन पोळी आहेत, मधलं चांगलं दोन हात रुंद. तीन महिने कुणाला काही त्रास नव्हता पण गेल्या पंधरा दिवसात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे पार्किंगमधल्या गाड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर रोज संध्याकाळी बारीक पिवळे ठिपके पडतात, हळद शिंपडल्यासारखे, धुतले तरी पांढऱ्या शर्टावरून जात नाहीत. दुसरं म्हणजे ए विंगमधल्या काकांच्या नातवाला पापणीवर माशी चावली, पोराचा डोळा दोन दिवस उघडत नव्हता. झालं, मीटिंग बसली, आणि रविवारी रात्री माणूस बोलवून औषध मारून जाळून टाकायचं असं ठरलं.

मी मीटिंगमध्ये गप्प बसलो आणि तेच मला खातंय. कारण माझ्या चुलतभावाचं, दादाचं, एकरभर डोंगळ्याचं, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचं, वावर इथून पूर्वेला जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. मागच्या वर्षी त्याचे गोंडे दिसायला भरगच्च होते आणि हातात चोळले की नुसती भुकटी. दाणाच भरला नव्हता. तो म्हणाला माशीच आली नाही. यंदा माशी आहे म्हणतोय. आता ही यंदाची माशी आमच्या टाकीखालचीच असेल का? आग्या माशी एवढ्या लांब जाते का? आणि जाळण्याशिवाय दुसरा काही मार्ग आहे का?

उळेवाला | १४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

भाऊ आधी ते जाळणं थांबवा, बाकी नंतर बोलू.

मी सय्यद पिंप्रीचा, आमच्याकडे घरचं उळे आजोबापासून होतं. ज्यांना माहित नाही त्यांच्यासाठी सांगतो, कांद्याचं बी म्हणजे उळे, आणि ते धरायला चांगला निवडक कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत जमिनीत लावायचा, त्याला उभे दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा, ते डोंगळे. एका गोंड्यात शेकडो बारकी फुलं असतात आणि सगळी एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे चालतं. ह्या दोन-तीन आठवड्यात माशी फिरली तर उळे, नाही फिरली तर नुसता पाला. काही जण माशी येत नाही म्हणून गुळाचं पाणी मारतात, काही जण बाया लावून गोंड्यावरून तळहात फिरवतात. दोन्ही करून पाहिलंय मी. हाताने थोडंफार होतं पण एकरभर गोंडे रोज कोण चोळणार आणि मजुरी कोण देणार.

लोकांना वाटतं कांद्याला माशी कशाला लागते. खायचा कांदा घ्यायला नाहीच लागत. पण पुढच्या वर्षीचा कांदा ज्या बियातून येतो त्याला लागते.

मनीषा_इंदिरानगर | १४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मला शेतकऱ्यांबद्दल आदर आहे, माहेर चांदवडचंच आहे. पण त्या पोराच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. माझ्या सासूबाईंना एकदा गांधीलमाशी चावली होती तर दहा मिनिटात श्वास लागला, घसा सुजला, हॉस्पिटल जवळ होतं म्हणून वाचल्या. आग्या तर एक चावली की शंभर येतात. लहान मुलं खाली खेळतात. उळे महत्त्वाचं आहे मान्य पण मोहोळ शेतात नाही, घरावर आहे.

तनुजा_म | १४ फेब्रुवारी, रात्री ११:५०

मनीषाताईंची भीती रास्त आहे, त्यावर शेवटी लिहिते. मी कॉलेजात बॉटनी शिकवते, परागकण हा माझा विषय आहे, त्यामुळे मला आधी त्या पिवळ्या ठिपक्यांवर लिहायचंय.

ते माश्यांची विष्ठा आहे. आग्या माश्या पोळ्यात घाण करत नाहीत, हजारोंच्या संख्येने एकदम बाहेर उडतात आणि हवेतच मोकळ्या होतात. याची एक जबरदस्त गोष्ट आहे. १९८१ मध्ये अमेरिकेने आरोप केला की लाओस, कंबोडियात गावांवर सोव्हिएत रशियाने पुरवलेलं विष विमानातून टाकलं जातंय, लोकांनी 'पिवळा पाऊस' पडल्याचं सांगितलं होतं, पानांवरचे पिवळे ठिपके पुरावा म्हणून प्रयोगशाळेत गेले. जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांवर काम करणारे थॉमस सीली यांनी ते ठिपके पाहिले तर आत परागकण, तेही पचलेले, नुसती टरफलं उरलेली. मग दोघं थायलंडच्या जंगलात गेले आणि आग्या माश्यांचा तसाच पिवळा पाऊस त्यांच्या स्वतःच्या अंगावर पडला. पुढे १९८९ मध्ये मलेशियातल्या निरीक्षणांवरून असंही मांडलं गेलं की उन्हाच्या दिवसात असं एकदम बाहेर पडून अंगातलं ओझं टाकल्याने माश्यांचं शरीर आणि पोळं थंड ठेवायला मदत होते. म्हणजे तुमच्या गाड्यांवरचे ठिपके विषारी नाहीत, आणि त्यात माश्या कुठल्या फुलांवर गेल्या होत्या त्याची नोंद आहे.

गोदाकाठ, माझी एक विनंती. काचेच्या चार-पाच पट्ट्या संध्याकाळी गाडीच्या टपावर ठेवा, सकाळी कागदात गुंडाळून मला द्या. मी बघते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आग्या किती लांब जाते? बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत यावर सुंदर काम झालंय, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या तीन माश्या घेतल्या, पेटीतली आणि झाडाच्या ढोलीतली सातेरी, झुडपात छोटं एकच पोळं करणारी फुलोरी, आणि आग्या. तिघी नाचून बाकीच्यांना सांगतात की फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब. पण प्रत्येकीची बोली वेगळी. तेवढ्याच अंतरासाठी सातेरी जास्त वेळ नाचते, फुलोरी त्याहून कमी, आग्या सगळ्यात कमी. कारण असं दिसलं की जी माशी जवळपासच फिरते तिला बारीक मोजमाप परवडतं, जी लांब जाते तिने एवढं ताणून नाचायचं म्हटलं तर नाच संपणारच नाही. तिघींत सगळ्यात लांब जाणारी आग्याच. दोन किलोमीटर तिच्या टप्प्यात आहे.

आणि कांद्याला माशी का लागते तेही सांगते, कारण हे उत्क्रांतीचं गणित आहे. कांद्याच्या फुलात परागकण आधी सुटतात, आणि त्याच फुलातला स्त्रीचा भाग नंतर तयार होतो. स्वतःचेच पराग स्वतःला लागू नयेत म्हणून ही सोय. पराग चिकट असतात, वाऱ्याने नीट उडत नाहीत. म्हणजे कुणीतरी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर न्यायलाच हवेत. त्यात कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम खूप असतं, १९७२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की मधमाश्यांना तो त्यामुळेच फारसा आवडत नसावा. शेजारी दुसरं काही गोड फुललेलं असेल तर माशी कांदा सोडून तिकडे जाते. म्हणून डोंगळ्याला माश्या नुसत्या असून चालत नाही, भरपूर असाव्या लागतात.

मनीषाताई, सुरक्षेचं. आग्या एक चावली की बाकीच्या येतात कारण डंखाबरोबर इशाऱ्याचा वास सुटतो, त्यातला एक घटक पिकलेल्या केळ्यासारखा वास देतो आणि आग्यामध्ये दुसरा एक घटक जास्त वेळ टिकून राहतो. म्हणून चावल्यावर तिथेच उभं राहून हात झटकायचे नाहीत, सरळ घरात पळायचं, दार लावायचं, काटा नखाने खरवडून काढायचा. श्वास लागला, ओठ-घसा सुजला तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल. आणि रात्री गच्चीचा दिवा, पाचव्या मजल्याच्या गॅलरीतले दिवे बंद. आग्या चांदण्या रात्री सुद्धा फुलांवर जाते, उजेडाकडे वळते, घरात रात्री शिरलेल्या माश्या बऱ्याचदा ट्यूबलाईटमुळे आलेल्या असतात.

सह्यभटक्या | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

तनुजाताईंनी रात्रीचं लिहिलं म्हणून एक भर. अंधारात उडणाऱ्या माश्यांवरचं काम आपल्याच सह्याद्रीत झालंय, भीमाशंकरला. हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की तिथला एक भुंगा, लाकूड पोखरणारा, चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखतो. माणसाला त्या उजेडात सगळं करडं दिसतं. मी भीमाशंकरच्या जंगलात बऱ्याच रात्री काढल्यात पण हे वाचल्यावर पुढच्या वेळी टॉर्च बंद करून बसलो होतो.

किल्ल्यांवर जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, कड्यावर मोहोळ दिसलं की अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, ड्रोन तर अजिबात नको.

उळेवाला | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

ताई पोटॅशियमचं आज कळलं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची डोंगळ्याजवळ मोहरी, धने लावू नका, माशी तिकडं जाते. काही जण उलट म्हणतात लावा, माशी ओढली जाते. आता पटतंय की माशी कमी असेल तर पहिलं खरं आणि भरपूर असेल तर दुसरं.

गोदाकाठ | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

आज सेक्रेटरींना भेटलो, तनुजाताईंचं पिवळ्या पावसाचं मोबाईलवर वाचून दाखवलं. ते स्वतः निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी रविवारचा माणूस आठ दिवस पुढे ढकलला. ज्या काकांच्या नातवाला चावलं त्यांच्याकडेही जाऊन आलो. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या की पोराने आणि त्याच्या मित्राने गच्चीवर जाऊन बॉल मारला होता, हे मीटिंगमध्ये त्या बोलल्या नव्हत्या. मग गच्चीला कुलूप लावायचं ठरलं, चावी सेक्रेटरींकडे.

काचेच्या पट्ट्या ठेवल्यात.

बागाईतदार_निफाड | १६ फेब्रुवारी, दुपारी २:००

स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. सोसायटीवाल्यांनी एक मोहोळ वाचवून काय होणार, खरी माशी मरते शेतात. आमच्याकडे द्राक्षबाग आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत फवारण्या मोजत बसलो तर बोटं पुरणार नाहीत. द्राक्षाला मधमाशीची गरज नाही, थॉमसन या बिनबियांच्या जातीला परागीभवनासाठी कुणी लागत नाही, त्यामुळे बागाईतदाराच्या डोक्यात माशी हा विषयच येत नाही. आणि माशीला बांध कळत नाही. माझ्या बागेतलं औषध शेजारच्या डोंगळ्यावर जातं हे मला सुद्धा पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्याने भांडून सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून शेजाऱ्याचे डोंगळे फुलात असले की मी त्या बाजूच्या चार ओळी संध्याकाळी मारतो.

तनुजा_म | १६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

तुम्ही हे स्वतःहून लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. संध्याकाळी मारल्याने फरक पडतो, सकाळी दहा ते दुपारी तीन ही फुलावरच्या गर्दीची वेळ असते. पण सगळ्या औषधांना हे पुरत नाही. जी औषधं झाडाच्या अंगात भिनतात ती मधुरसात आणि परागात उतरतात, मग कितीही वाजता मारा. फ्रान्समध्ये २०१२ साली मधमाश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून थायामेथोक्झाम या अशाच भिनणाऱ्या औषधाचा अगदी कमी, न मारणारा डोस दिला. माश्या मेल्या नाहीत, पण त्यातल्या बऱ्याच घरी परतल्याच नाहीत, वाट चुकल्या. २०१८ मध्ये युरोपियन युनियनने थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड आणि क्लोथियानिडिन ही तिन्ही उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे दुकानात पहिली दोन नावं पोरालाही पाठ असतात.

आणि वाट चुकलेली माशी म्हणजे फक्त एक माशी कमी झाली असं नसतं. २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला, पेटीतल्या युरोपीय माश्यांवर केलेला. नुसत्या तरुण माश्यांची वसाहत तयार केली, जिथे नाच दाखवायला अनुभवी माशी एकही नव्हती. त्या माश्या नाचल्या, पण चुकत नाचल्या. दिशेतली चूक अनुभवाने सुधारली, अंतराची चूक मात्र जन्मभर राहिली. म्हणजे नाच अंगात जन्मतः असतो आणि तरी मोठ्यांकडून शिकावाही लागतो. मला हा अभ्यास वाचून फार वेळ काही सुचलं नव्हतं. शेतावर जाणाऱ्या माश्या या वसाहतीतल्या वयस्क माश्या असतात, त्याच औषधात आधी सापडतात.

हायवेजवळच्या लोकांसाठी अजून एक. बंगळुरूतच २०२० मध्ये आग्या माश्यांवर हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास झाला, १,८०० च्या वर माश्या तपासल्या. जास्त धुळीच्या भागातून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त एका दिवसात मेल्या. ज्या जिवंत होत्या त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली, अंगावर धुळीचे कण. आडगावच्या मोहोळाला हायवेही सोसायचाय.

गोदाकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

आजचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काल तनुजाताईंनी मला फोनवर नाच कसा वाचायचा ते समजावलं. आग्या उघड्यावर पोळं करते म्हणून तिचा नाच बाहेरूनच दिसतो. पोळ्याच्या खालच्या टोकाला जिथे माश्यांची ये-जा असते तिथे बघायचं. माशी शेपूट थरथरवत सरळ धावते, मग वळून परत येते, पुन्हा तेच. सरळ वर धावली तर फुलं सूर्याच्या दिशेला, डावीकडे झुकली तर सूर्याच्या तेवढंच डावीकडे.

आज सुट्टी घेतली. पाचव्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, खिडकी बंद ठेवून, दुर्बीण लावून बसलो. आधी अर्धा तास नुसतं काळं चकचकीत काहीतरी हलताना दिसत होतं, लाट उठल्यासारखी सगळ्या माश्या शेपट्या वर करायच्या आणि लाट विरायची. आजी म्हणाल्या रोज बघते, गांधीलमाशी आली की असंच करतात. साडेदहाच्या सुमाराला एक दिसली. मागच्या पायांवर पिवळे गोळे, थरथरत धावतेय आणि चार-पाच जणी तिच्या मागे तोंड लावून. घड्याळात अकराचा काटा जिथे असतो तशी, उभ्या रेषेच्या जरा डावीकडे. मग दुसरी, तीच दिशा. तासाभरात मी नऊ नाच मोजले, सहा त्याच बाजूचे, जसा सूर्य वर सरकला तसा कोन अजून डावीकडे गेला. सूर्य तेव्हा आग्नेयेला होता. आग्नेयेपासून डावीकडे म्हणजे पूर्व. आजींच्या खिडकीत उभं राहिलं की पूर्वेला दादाचं वावर आहे, आणि त्याच पट्ट्यात अजून दोघांचे डोंगळे.

दादाला फोन लावला, म्हटलं आत्ता गोंड्यावर बघ. तो म्हणाला सकाळपासून आग्याच आग्या आहे, फुलोरी थोडी. मला बोलता येईना.

मनीषा_इंदिरानगर | १९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलीला वाचून दाखवलं, ती विचारतेय आपल्याला येऊन बघता येईल का, बंद खिडकीतून. सासूबाईंना नाही आणणार.

तनुजा_म | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

पट्ट्या पाहिल्या. चार पट्ट्यांत वेगवेगळे पराग आहेत. काटेरी गोल कण आहेत, ते सूर्यफुलाच्या कुळातले, रस्त्याकडेच्या तणांचेही असू शकतात. बाभळीचे सोळा-सोळाचे गठ्ठे आहेत, ते ओळखायला सोपे. आणि एक लांबट, होडीसारखा, एकच खाच असलेला कण तीन पट्ट्यांत मोठ्या संख्येने आहे. कांद्याचे पराग असेच दिसतात. खात्रीसाठी दादांच्या वावरातले दोन गोंडे पाठवा, शेजारी ठेवून पाहते.

गोदाकाठ | २६ फेब्रुवारी, रात्री ९:००

गोंडे पोचवले, ताईंनी शेजारी ठेवून पाहिले, जुळले. त्यांनी मोबाईलवर काढलेले दोन फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, एक गाडीच्या टपावरचा, एक दादाच्या गोंड्यातला. काल परत मीटिंग झाली. औषधवाला कायमचा रद्द. गच्चीला कुलूप, वरचे दिवे बंद, आणि पार्किंगवर कापड बांधायचं, त्याचा खर्च ज्यांच्या गाड्या त्या भागात आहेत ते वाटून घेणार. एका घराचा अजून विरोध आहे, त्यांच्याशी मी बोलतोय.

शेताकडची अडचण मात्र सुटली नव्हती. दादाच्या शेजारी उन्हाळ कांदा आहे, त्यावर फुलकिडे आले की तो सकाळी नऊला फवारतो, कारण फवारणीचं यंत्र चालवणारा ब्लोअरवाला सकाळीच येतो, संध्याकाळी तो दुसऱ्या गावाला असतो. दादा आणि तो शेजारी मिळून ब्लोअरवाल्याकडे गेले. फुलं संपेपर्यंत तेवढ्या दोन वावरांसाठी तो साडेपाचला यायला तयार झाला, डिझेलचं थोडं जास्त घेणार. दादा देतोय.

उळेवाला | २७ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

आमच्या ब्लोअरवाल्याशी पण बोलतो आज.

सह्यभटक्या | २ एप्रिल, रात्री १०:१०

गोदाकाठ, मोहोळाचं काय झालं? आणि डोंगळे?

गोदाकाठ | ९ एप्रिल, रात्री ९:२०

गुरुवारी सकाळी उठलो तर मधलं पोळं रिकामं. बाकीची दोन्ही आठवड्याभरात गेली. आजींनी उडताना पाहिलं, म्हणाल्या आधी आवाज वाढला आणि मग ढग उठल्यासारखा उठला. ताई सांगत होत्या की २००० साली नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात डीएनए तपासून दाखवलंय, हे थवे लांब जाऊन पुढच्या हंगामात त्याच जागेवर परत येतात. गेलेल्या कामकरी माश्या तेवढं जगत नाहीत, राणी मात्र तीच असते. सेक्रेटरींनी दिवाळीच्या आधी गच्चीचं रंगकाम ठरवलं होतं, ते टाकीचा भाग सोडून करायचं म्हणालेत.

काल दादाकडे डोंगळे काढायला गेलो होतो. गोंडे वाळून राखाडी झालेत, कापताना जपून कापावे लागतात नाहीतर बी सांडतं. एक गोंडा त्याने माझ्या हातात दिला, मी चोळला, फुंकर मारली, पाचोळा उडाला आणि तळहातावर काळं, टोकदार, भरलेलं उळे राहिलं. दादाने त्यातले दाणे मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. वहिनींनी ताईंसाठी एक पुडी बांधून दिलीय, शनिवारी पोचवतो.